लाएनेक आणि श्वासध्वनींची परिभाषा

१

रने तेओफील यासँत लाएनेक (१७८१–१८२६) या फ्रेंच वैद्याचे नाव वैद्यकाच्या इतिहासात प्रायः एका उपकरणाशी जोडले जाते. ते उपकरण म्हणजे स्टेथोस्कोप. पॅरिसमध्ये लूव्ह्रच्या प्रांगणात मुले लाकडाच्या ओंडक्याशी खेळत होती, एका टोकाला टाचणीने खरडले की दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्यास तो आवाज स्पष्ट ऐकू येई आणि ते पाहून लाएनेकला नळीची कल्पना सुचली, अशी आख्यायिका शालेय पुस्तकांतून सांगितली जाते. लाएनेकने स्वतः लिहून ठेवलेल्या वृत्तांतात ही मुले नाहीत. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यामुळे एक गैरसमज मात्र दृढ झाला आहे. नळी सापडली आणि तिच्या योगे फुप्फुसाचे रोग आपोआप उकलले, असा तो समज होय.

वस्तुतः नळीतून प्रथम ऐकू आला तो केवळ आवाजांचा गोंधळ. त्या गोंधळातून एक ध्वनी दुसऱ्याहून वेगळा काढणे, त्याला नाव देणे आणि त्या नावाशी फुप्फुसातील एक विशिष्ट विकृती शवविच्छेदनाच्या साक्षीने बांधून देणे, हे लाएनेकचे खरे कार्य. या दृष्टीने पाहता त्याचा मुख्य ग्रंथ हा वैद्यकाचा ग्रंथ तर आहेच, पण तो एका नव्या परिभाषेचाही ग्रंथ आहे. त्या परिभाषेतील काही शब्द दोनशे वर्षे टिकले, काहींनी मोठा घोटाळा माजविला. कोणते शब्द टिकले आणि कोणते फसले, हे पाहू लागले असता लाएनेकच्या सामर्थ्याची व मर्यादेची रेषा एकाच ठिकाणी सापडते. त्या रेषेचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२

लाएनेकचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी प्रांतातील केंपेर या गावी झाला. तो पाच वर्षांचा असता आई वारली. वडील वकील होते, काव्याचे शौकीन होते, पण संसाराची जबाबदारी घेण्याचा त्यांचा पिंड नव्हता. मुलाचा सांभाळ नाँत येथे वैद्यकी करणारे काका गीयोम लाएनेक यांनी केला. फ्रेंच राज्यक्रांतीतील नाँतमधील भीषण प्रसंग याच मुलाच्या बालपणात घडले. चौदाव्या वर्षी, १७९५ साली, तो काकांच्या हाताखाली रुग्णालयात काम करू लागला आणि १८०१ साली पुढील शिक्षणासाठी पॅरिसला गेला.

त्या काळचे पॅरिस हे वैद्यकाच्या एका मोठ्या स्थित्यंतराचे केंद्र होते. रोग म्हणजे लक्षणांचा समूह, ही जुनी कल्पना मागे पडत होती आणि रोगाचे अधिष्ठान शरीरातील एखाद्या अवयवात वा ऊतकात असते, हा विचार पुढे येत होता. बिशाने ऊतकांचे विवेचन केले. गास्पार बेल याने क्षयरोग्यांची शेकडो शवविच्छेदने करून १८१० साली क्षयावर ग्रंथ लिहिला. नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिसार हा लाएनेकचा गुरू. व्हिएन्नातील आउएनब्रुगरने १७६१ साली छाती बोटांनी ठोकून आतील स्थिती ओळखण्याची युक्ती लॅटिनमध्ये प्रसिद्ध केली होती. जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या त्या पुस्तकाचा फ्रेंच अनुवाद कॉर्व्हिसारने १८०८ साली केला. ठोकण्याने छाती भरीव आहे की पोकळ आहे एवढे कळे. परंतु श्वास आत जाताना आणि बाहेर येताना फुप्फुसात काय घडते, ते कळत नसे. शवविच्छेदनाने सर्व काही दिसे, पण ते रोगी मेल्यावर. ज्ञान आणि त्याचा उपयोग यांच्यामध्ये मृत्यू उभा होता. तो अडसर दूर करण्याची विद्या अद्याप कोणास अवगत नव्हती.

लाएनेकच्या शिक्षणातील आणखी एक धागा येथे लक्षात घेणे अवश्य आहे. त्याला भाषांची ओढ होती. ग्रीकचा त्याचा व्यासंग दांडगा होता. १८०४ सालचा त्याचा प्रबंध हिपॉक्रेटिसच्या सिद्धांतावर होता. ब्रेतॉन ही त्याच्या प्रांतातील शेतकरी व कोळी लोकांची भाषा. ती केल्टिक कुळातील असून फ्रेंचहून सर्वस्वी भिन्न आहे. सुशिक्षित घरांत ती बोलली जात नसे; लाएनेक ती प्रौढपणी शिकला. १८१४ साली नेपोलियनच्या अखेरच्या युद्धांच्या धामधुमीत ब्रेतॉन सैनिक टायफसने आजारी होऊन पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात आले. त्यांतील बहुतेकांना फ्रेंच कळत नसे. कोणाशी बोलता येत नाही या एकाकीपणाने ते अधिकच खचत. लाएनेकने त्यांना एकत्र ठेवण्याची व्यवस्था करविली आणि त्यांच्याच भाषेत बोलून त्यांची शुश्रूषा केली. शब्द हा रोग्याच्या मनावर औषधासारखा किंवा विषासारखा परिणाम करतो, याची जाणीव या वैद्याला होती. तिचा एक महत्त्वाचा परिणाम पुढे त्याच्या परिभाषेवर झालेला दिसतो.

३

१८१६ साली लाएनेकची नेमणूक पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात झाली. त्याच वर्षी हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी त्याच्याकडे आली. अंग स्थूल असल्यामुळे हाताने चाचपून वा ठोकून फारसे कळेना. छातीला प्रत्यक्ष कान लावण्याची रीत अगदीच अज्ञात नव्हती, बेल ती क्वचित वापरीत असे. पण रोग्याचे वय आणि स्त्रीत्व यांमुळे ती येथे अयोग्य होती. भरीव पदार्थातून ध्वनी चांगला वाहतो हे लाएनेकला आठवले. त्याने कागदांची एक वही घट्ट गुंडाळली, तिचे एक टोक हृदयस्थानी ठेवले आणि दुसरे आपल्या कानाला लावले. प्रत्यक्ष कान लावून जे ऐकू येत असे, त्याहून कितीतरी अधिक स्पष्ट ठोके त्याला ऐकू आले.

पुढची तीन वर्षे त्याने या एका गोष्टीस वाहून घेतली. नळी कशाची असावी, किती जाड असावी, भरीव असावी की पोकळ, याचे प्रयोग केले. अखेरीस सुमारे एक फूट लांबीचा, मध्ये भोक असलेला, दोन तुकड्यांत विभागणारा लाकडी दंडगोल त्याने पसंत केला आणि तो कातायंत्रावर स्वतः कातला. या उपकरणाचे नाव ठेवण्याचा आरंभी त्याचा विचारही नव्हता. तो त्यास नुसते ‘दंडगोल’ म्हणे. परंतु लोकांनी आपापल्या मनाने सोनोमेत्र, पेक्टोरिलोक, वैद्यकीय कर्णा अशी नावे पाडण्यास सुरुवात केली. ती त्याच्या कानाला खटकली. तेव्हा ग्रीकमधील ‘स्तेथोस’ म्हणजे छाती आणि ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणे, परीक्षण करणे या दोन शब्दांपासून त्याने ‘स्टेथोस्कोप’ हा शब्द घडविला. ऐकण्याच्या साधनाला पाहण्याचे नाव मिळाले, ही गोष्ट वरवर विसंगत वाटते. तथापि त्यात त्याचा खरा हेतू नेमका उतरला आहे: जे शवागारात डोळ्यांनी दिसते, ते जिवंत माणसात कानांनी पाहावयाचे.

१८१८ साली त्याने आपले निष्कर्ष विज्ञान अकादमीपुढे मांडले आणि १८१९ च्या ऑगस्टमध्ये ‘माध्यमद्वारा श्रवण’ या विषयावरील त्याचा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याची पद्धत सरळ होती, पण अत्यंत कष्टाची होती. रोगी दाखल झाला की छातीच्या प्रत्येक भागातील ध्वनी टिपावयाचे, रोग कसकसा वाढतो तसतसे ध्वनी कसे पालटतात ते नोंदवावयाचे, आणि रोगी दगावला तर नोंदीतील प्रत्येक विधान शवविच्छेदनाने पडताळावयाचे. त्या काळी रुग्णालयात मृत्यू विपुल होते. या विपुलतेतूनच त्याचे ज्ञान सिद्ध झाले, हे कठोर सत्य होय.

४

आता नावांकडे वळावयाचे. ज्या ध्वनींना आजवर कोणी वेगळे ओळखलेच नव्हते, त्यांना नावे कोठून आणावयाची? लाएनेकने दोन मार्ग अवलंबिले.

पहिला मार्ग उपमेचा. फुप्फुसदाहाच्या प्रारंभी श्वास आत घेताना येणारा बारीक तडतडाट त्याने मंद आचेवर तापविलेल्या मिठाच्या तडतडण्याशी ताडून दाखविला. श्वासनलिका अरुंद झाली असता येणाऱ्या जाड, सलग आवाजासाठी घोरणे, तंतुवाद्याची जाड तार घासणे आणि पारव्याचे घुमणे अशा उपमा योजिल्या. बारीक, सलग आवाजासाठी लहान पाखरांची किलबिल. फुप्फुसावरणात मध्यम प्रमाणात पाणी साचले असता रोग्याचा आवाज शेळीच्या बेंबेंसारखा कापरा ऐकू येतो. त्यास त्याने ग्रीकमधील ‘शेळी’ आणि ‘ध्वनी’ या शब्दांपासून ‘एगोफोनी’ असे नाव दिले. निरोगी लहान मुलाच्या श्वासासारखा मोठा श्वासध्वनी प्रौढात ऐकू आला तर तो ‘बालश्वसन’.

या उपमा घरगुती आहेत आणि त्यांचे बळ त्या घरगुतीपणातच आहे. ध्वनी कागदावर उमटविण्याचे साधन त्या काळी नव्हते. नाँत, लंडन वा व्हिएन्ना येथील वैद्याने पॅरिसमधील रोग्याची छाती ऐकली नव्हती. पण तव्यावरचे मीठ सर्वांनी ऐकले होते. प्रत्येक वैद्याच्या कानात आधीच असलेला आवाज हाच लाएनेकने मोजमापाचा दंडक केला. हे विवेचन वाचणाऱ्या मराठी वाचकास आपल्या भाषेतील अनुकरणवाचक शब्दांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तडतड, कुरकुर, खरखर, घरघर, सूंसूं यांतील सूक्ष्म भेद मराठी बोलणाऱ्यास शिकवावे लागत नाहीत. फ्रेंच भाषेत असे शब्द तुलनेने थोडे, म्हणून लाएनेकला उपमांचा विस्तार करावा लागला.

दुसरा मार्ग निष्कर्षाचा. येथे नाव नुसत्या ध्वनीचे राहत नाही. त्यात ध्वनीच्या कारणाविषयीचा किंवा रोगाविषयीचा निर्णयही गोवलेला असतो. याचे ठळक उदाहरण ‘पेक्टोरिलोकी’, म्हणजे ‘छातीचे बोलणे’. काही रोग्यांच्या छातीवर नळी ठेवली असता त्यांचे शब्द जणू छातीतूनच थेट कानात शिरतात असे लाएनेकला आढळले. अशा रोग्यांच्या फुप्फुसात क्षयाने पोखरून पडलेली विवरे शवविच्छेदनात सापडली. तेव्हा पूर्ण स्वरूपातील पेक्टोरिलोकी हे विवराचे निश्चित चिन्ह होय, असे त्याने ठरविले. ध्वनी आणि रोग यांचे हे जणू लग्नच होते. पुढे ते टिकले नाही.

५

या दोन मार्गांच्या सीमेवर एक शब्द उभा आहे आणि त्याचा इतिहास सर्वांत बोधप्रद आहे. तो शब्द म्हणजे ‘राल’. श्वासाबरोबर फुप्फुसातून येणाऱ्या सर्व विकृत आवाजांना मिळून एक सामान्य नाव लाएनेकला हवे होते. हवा द्रवातून जात असल्यामुळे ते येवोत किंवा मार्ग अरुंद झाल्यामुळे येवोत, अधिक चांगला शब्द नसल्यामुळे त्याने प्रचलित फ्रेंचमधील ‘राल’ हाच शब्द व्यापक अर्थाने घेतला आणि १८१९ च्या ग्रंथात त्याचे चार प्रकार सांगितले. दुसऱ्या आवृत्तीत आणखी एक प्रकार जोडला.

परंतु लोकभाषेत ‘राल’ म्हणजे मरणाऱ्याच्या घशातील घरघर. मराठीत ‘घरघर लागली’ म्हटले की ऐकणारा समजून जातो. त्या शब्दास वैद्यकीय स्पष्टीकरण लागत नाही. फ्रेंच रोग्याच्या कानी ‘राल’ हा शब्द पडला की तेच होई. पलंगाशेजारी उभा राहून वैद्य शिष्यांना सांगतो आहे की छातीच्या या भागात ‘राल’ आहे, आणि पलंगावरील माणूस ते ऐकतो आहे. वैद्याच्या दृष्टीने तो कदाचित साध्या सर्दीच्या कफाचा आवाज असेल. रोग्याच्या दृष्टीने ती मृत्यूची वर्दी होती. ब्रेतॉन सैनिकांशी त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या लाएनेकला ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी वाटली नाही. त्याने उपाय काढला: रोग्यासमोर ‘राल’ म्हणू नये, त्याऐवजी ‘राँकुस’ हा लॅटिन शब्द वापरावा. परदेशी विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी रुग्णालयातील त्याचे बोलणे पुष्कळदा लॅटिनमध्येच चाले, त्यामुळे हे सहज शक्य झाले. ‘राल’ आणि ‘राँकुस’ हे त्याच्या दृष्टीने एकाच गोष्टीचे दोन शब्द होते: एक ग्रंथातला, एक पलंगाशेजारचा.

हा भेद भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचा तर तो अर्थाचा भेद नसून प्रसंगाचा भेद होता. पण एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना प्रसंग गळून पडतो आणि शब्द तेवढे उरतात. स्कॉटिश वैद्य जॉन फोर्ब्ज याने १८२१ साली लाएनेकच्या ग्रंथाचा संक्षिप्त अनुवाद केला. त्याच्या प्रस्तावनेत हे उपकरण सर्वसाधारण वापरात येईल याविषयी त्याने साशंकता व्यक्त केली होती. उपकरणाविषयीची शंका निराधार ठरली. शब्दांचे मात्र हाल झाले. दोन निरनिराळे शब्द आहेत, त्या अर्थी दोन निरनिराळ्या वस्तू असल्याच पाहिजेत, या सहज समजुतीने इंग्रजी वैद्यकात पुढे ‘राल’ म्हणजे तुटक, ओलसर आवाज आणि ‘राँकुस’ म्हणजे सलग, कोरडा आवाज अशी वाटणी रूढ झाली. ती सर्वत्र सारखी झाली नाही. कोणी जुन्या अर्थाने लिही, कोणी नव्या; त्यांत ‘ओला’, ‘कोरडा’, ‘श्लेष्मल’, ‘बुडबुड्याचा’ अशी विशेषणे जोडली जात राहिली. परिणामी एका रुग्णालयातील नोंद दुसऱ्या रुग्णालयात निःशंकपणे वाचता येईनाशी झाली. जी परिभाषा ऐकलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचविण्यासाठी जन्मास आली, तीच पोहोचण्याच्या आड आली.

हा घोटाळा दीडशे वर्षांच्या आसपास चालला. १९५७ साली रॉबर्टसन आणि कूप या दोन इंग्रज वैद्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहून त्याचे मूळ उलगडून दाखविले आणि सर्व जुनी नावे बाजूस सारून ध्वनींची केवळ श्राव्य गुणावर वाटणी सुचविली: तुटक आवाज आणि सलग आवाज, तडतड आणि शीळ. १९७७ साली अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने आणि १९८५ साली टोकियो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिसंवादाने परिभाषेच्या एकीकरणाचे प्रयत्न केले; २०१६ मध्ये युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीच्या गटाने तोच प्रश्न ध्वनिमुद्रणांच्या आधारे पुन्हा हाती घेतला. या सर्वांची दिशा एकच आहे. ती दिशा म्हणजे लाएनेकच्या पहिल्या मार्गाकडे परत फिरणे.

६

लाएनेकच्या उर्वरित कारकिर्दीचा धागा येथे पुन्हा हाती घेतला पाहिजे. ग्रंथ पूर्ण होता होताच त्याची प्रकृती ढासळली. १८१९ च्या शरदात तो पॅरिस सोडून ब्रिटनीतील प्लोआरेजवळच्या केर्लुआर्नेक या आपल्या वाडीवर गेला आणि दोन वर्षे शेतीभाती पाहत राहिला. १८२१ च्या अखेरीस तो परतला. १८२२ साली कॉलेज द फ्रान्समध्ये आणि १८२३ साली शारिते रुग्णालयात प्राध्यापकपद त्यास मिळाले. तो राजनिष्ठ व श्रद्धाळू कॅथलिक होता. राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर वैद्यक विद्यापीठाची जी फेररचना झाली, तीत त्यास लाभ झाला आणि विरोधकांनी ते कधी विसरू दिले नाही. त्यांतील प्रमुख ब्रुसे. हाही ब्रेतॉनच. सर्व रोग जठर व आतड्यांच्या क्षोभातून उद्भवतात असे त्याचे मत, आणि जळवा हा त्याचा मुख्य उपाय. शवविच्छेदनात रमणारी विद्या रोग्याला काय देते, हा ब्रुसेचा आक्षेप होता. त्याचे सिद्धांत लयास गेले. आक्षेप मात्र अगदीच पोकळ नव्हता. फुप्फुसाचा रोग ओळखता येऊ लागला तरी तो बरा करण्याचे साधन लाएनेकजवळ क्वचितच होते.

१८२६ साली ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. पहिली आवृत्ती चिन्हांच्या क्रमाने रचली होती: अमुक ध्वनी, मग तो ज्यांत आढळतो ते रोग. दुसरी रोगांच्या क्रमाने रचली: अमुक रोग, त्यातील विकृती, त्याची चिन्हे. पहिली आवृत्ती जणू कोश होती, दुसरी व्याकरण झाली. एम्फिसिमा, श्वासनलिकांचे विस्फारण, फुप्फुसावरणाचे दाह यांची वर्णने त्याच्या हातून इतकी नेमकी उतरली की पुढील पिढ्यांनी त्यांवरच आपली इमारत उभारली. यकृताच्या एका विकारास पिंगट रंगावरून ‘सिऱ्होसिस’ हे नाव त्यानेच १८१९ च्या ग्रंथात जाता जाता दिले. ते आजही चालते.

ज्या नावांत निष्कर्ष गोवला होता, त्यांना मात्र पुढे मुरड घालावी लागली. व्हिएन्नातील योझेफ श्कोडा याने १८३९ साली दाखविले की ध्वनी रोग सांगत नाही, ध्वनी फक्त फुप्फुसाची भौतिक स्थिती सांगतो. फुप्फुस घट्ट झाले, त्यात हवा उरली नाही, तर विवर नसतानाही शब्द छातीतून स्पष्ट ऐकू येतात. पेक्टोरिलोकीचे क्षयाशी लागलेले लग्न असे मोडले. ‘एगोफोनी’ही केवळ साचलेल्या पाण्याची मिरास नाही हे कळून आले. बारीक तडतडाटाविषयी लाएनेकची समजूत अशी होती की हवा द्रवातून जाताना बुडबुडे फुटतात. १९६७ साली पॉल फोर्गाच याने निराळे स्पष्टीकरण मांडले: मिटलेल्या सूक्ष्म श्वासमार्गांची तोंडे श्वास घेताना एकाएकी उघडतात आणि त्या धक्क्याचा हा आवाज असतो. बुडबुडे गेले, मीठ राहिले. तव्यावरच्या मिठाची उपमा आजच्या पाठ्यपुस्तकांतही भेटते, कारण ती आवाजाविषयी बोलते, कारणाविषयी बोलत नाही.

७

हाच नियम लाएनेकच्या जीवनातील सर्वांत मोठ्या विषयास लावून पाहता येतो. तो विषय क्षय. ग्रीक ‘फ्थिसिस’ आणि संस्कृत ‘क्षय’ हे दोन शब्द एकाच मूळ धातूपासून आलेले आहेत. दोहोंचाही अर्थ झिजणे. म्हणजे दोन्ही प्राचीन परंपरांनी रोगाला त्याच्या दृश्य परिणामावरून नाव दिले: माणूस झिजतो. बेलने आपल्या शवविच्छेदनांवरून क्षयाचे सहा प्रकार केले होते. लाएनेकने ते मोडून काढले. बारीक करड्या दाण्यापासून पिवळ्या, मऊ झालेल्या गाठीपर्यंत आणि गाठ फुटून पडलेल्या विवरापर्यंत एकच विकृती क्रमाने वाढत जाते, आणि फुप्फुसाबाहेर इतर अवयवांतही तीच आढळते, असे त्याने प्रतिपादिले. पुढे फिर्खोसारख्या श्रेष्ठ विकृतिशास्त्रज्ञाने ही एकता अमान्य केली. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख याने क्षयजंतूचा शोध बर्लिनमध्ये जाहीर केला, तेव्हा लाएनेकचे म्हणणे खरे ठरले. डोळ्यांनी पाहिलेल्यावर तो विसंबला, तेथे तो चुकला नाही.

पण या रोगाचे कारण काय? येथे लाएनेकची लेखणी निराळी वाट धरते. दीर्घकाळ मनात साचून राहिलेले दुःखी मनोविकार हे क्षयाचे मोठे कारण होय, असे त्याचे मत होते. पुराव्यादाखल त्याने एका धर्मनिष्ठ स्त्रियांच्या मठाची हकीकत दिली आहे. मठाचे नियम अतिशय कडक होते. चिंतनाचे विषयही भयाण. नव्याने आलेल्या स्त्रिया महिन्या-दोन महिन्यांत आजारी पडू लागत व पुढे त्यांच्यात क्षयाची लक्षणे दिसत. लाएनेक त्यांना मठ सोडण्याचा सल्ला देई. ज्यांनी तो मानला, त्यांतील बहुतेक बऱ्या झाल्या. तो तेथील वैद्य असता दहा वर्षांत मठातील माणसे दोन-तीनदा जवळजवळ पूर्णपणे पालटली. वाचल्या त्या प्रामुख्याने मठाधिकारिणी, दारावरची भगिनी, आणि बाग, स्वयंपाकघर व आजारघर सांभाळणाऱ्या. यांना नगरात जाण्याची वा मन रमविण्याची संधी अधिक, म्हणून त्या वाचल्या, असा त्याचा अर्थ.

आजचा वाचक ही हकीकत वाचतो तेव्हा त्याला बंदिस्त खोल्या, एकत्र राहणे, अपुरे पोषण आणि एकीकडून दुसरीकडे जाणारा जंतू दिसतो. लाएनेकला तो दिसला नाही. तरुणपणी क्षयग्रस्त मणके कापताना करवतीने त्याच्या डाव्या हाताचे बोट खरचटले होते आणि त्या जागी गाठ उठली होती. तिचे बारकाईने वर्णन करून, ती जाळून, त्याने ती गोष्ट नोंदवून ठेवली. तरीही क्षय हा फ्रान्समध्ये सांसर्गिक वाटत नाही, हेच त्याचे मत राहिले. यासाठी त्यास दोष देण्याचे कारण नाही. आजारघरातील भगिनी वाचतात, ही नोंद त्याच्या समोर होती आणि ती वरकरणी संसर्गाच्या विरुद्धच बोलत होती. क्षय टोचून देता येतो हे व्हिल्मँने १८६५ साली प्रयोगाने दाखविले, तेव्हा लाएनेक जाऊन चार दशके होत आली होती. महत्त्वाची गोष्ट ही की त्याने हकीकत प्रामाणिकपणे, आपल्या निष्कर्षास गैरसोयीचे वाटू शकेल अशा तपशिलांसह लिहिली. त्यामुळेच निष्कर्ष टाकून देऊनही निरीक्षण वापरता येते.

१८२४ च्या डिसेंबरात लाएनेकने विवाह केला. १८२६ च्या वसंतात ताप व खोकला बळावला. मे महिन्याच्या अखेरीस तो पॅरिसहून केर्लुआर्नेकला निघाला. त्याच्याच कुटुंबातील तरुण वैद्य मेरियादेक याने त्याचीच नळी त्याच्याच छातीवर ठेवली. जे ऐकू आले ते कोणत्या नावाने सांगावयाचे, हे त्या तरुणास ज्याने शिकविले तोच समोर पडला होता. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, लाएनेक क्षयाने वारला. मृत्युपत्रात त्याने आपली नळी मेरियादेकला दिली आणि आपल्या वारशातील तोच उत्तम भाग होय असे मानले. ग्रंथाची तिसरी आवृत्ती मेरियादेकने १८३१ साली काढली.

८

लाएनेकच्या कार्याचा हिशेब मांडताना उपकरण सोडून द्यावे लागते. त्याची लाकडी नळी आज वस्तुसंग्रहालयात आहे. दोन कानांची रबरी नळी आली, पुढे क्ष-किरण आले, ध्वनीचे आलेख काढणारी यंत्रे आली. उरली ती रीत: जिवंतपणी ऐकलेले आणि मृत्यूनंतर पाहिलेले यांची गाठ घालण्याची, आणि ऐकलेल्याला असे नाव देण्याची की न ऐकलेल्यासही ते ओळखता यावे.

त्याच्या शब्दांच्या नशिबावरून परिभाषा घडविणाऱ्या कोणासही एक गोष्ट शिकता येईल. जो शब्द अनुभवाचे वर्णन करतो, तो कारण पालटले तरी टिकतो. जो शब्द कारणाचा निर्णय पोटात घेऊन येतो, तो निर्णय फिरताच निकामी होतो. आणि जो शब्द दयेपोटी योजिला जातो, त्याचा हेतू शब्दासोबत लिहून ठेवला नाही, तर पुढील पिढी त्यातून भलताच अर्थ काढते. ‘राल’ आणि ‘राँकुस’ यांचा घोटाळा दीडशे वर्षे विद्यार्थ्यांना छळत होता. त्याच्या मुळाशी अज्ञान नव्हते. पलंगावरच्या माणसाला घरघरीचा शब्द ऐकू येऊ नये, एवढीच एका वैद्याची इच्छा होती.